मदतनिधीच्या सायकलफेरीत घाटात सायकलवरून उतरून ती ढकलली, तर देणगीदारांची फसवणूक ठरते का?

नाही, ठरत नाही. आपण लिहिले आहे की, आपण प्रथमच चार दिवसांच्या निधिफेरीत जात आहात, ओळखीच्या लोकांनी दर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम देण्याचे कबूल केले आहे, वाटेत एक मोठा घाट आहे, आणि तेथे दम तुटून उतरावे लागले तर तेवढ्या अंतराचे पैसे घेणे योग्य होईल का, ही शंका आपल्याला सतावते आहे. सायकलवरून न उतरता घाट चढण्यासाठी काय तयारी करावी, हेही आपण विचारले आहे. त्या दुसऱ्या भागाचे उत्तर माझ्यापेक्षा चांगले देणारे पुष्कळ जण येथे आहेत. पहिल्या भागाने मात्र माझ्या जुन्या दुखण्यावर नेमके बोट ठेवले, म्हणून लिहायला बसलो.

२०१९ च्या नोव्हेंबरात आम्ही अकरा जण छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादहून, तीन दिवसांच्या फेरीला निघालो होतो. सिल्लोडमार्गे अजिंठ्याचा घाट उतरून पहिला मुक्काम फर्दापूरला, तेथून पाचोऱ्यावरून चाळीसगावला दुसरा, आणि तिसऱ्या दिवशी कन्नडचा घाट चढून वेरूळवरून घरी, असा सुमारे ३०० किलोमीटरांचा फेरा होता. निधी जमवायचा होता तो ऊसतोड कामगारांच्या मुलींच्या एका वसतिगृहासाठी. आईवडील कोयता घेऊन कारखान्याकडे गेले की या मुली एकतर त्यांच्याबरोबर फडावर जातात, नाहीतर गावात म्हाताऱ्या आजीजवळ राहतात, आणि दोन्हीकडे त्यांची शाळा सुटते. हे मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवीत असताना वर्षानुवर्षे पाहिले आहे. दहावीपर्यंत हजेरीपटावर असलेली मुलगी पुढे दिसेनाशी कशी होते, हे मला कोणी सांगण्याची गरज नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरात परतीचा पाऊस थांबलाच नव्हता. मका आणि बाजरीला कणसावरच कोंब फुटले होते, कापूस बोंडातच काळा पडला होता आणि घाटातल्या रस्त्याची चाळण झाली होती. कन्नडचा घाट, ज्याला औट्रम घाट असेही म्हणतात, खानदेशाच्या सपाटीवरून एकदम मराठवाड्याच्या पठारावर चढतो. चाळीसगाव आणि कन्नड यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरांचा फरक आहे आणि त्यातली बहुतेक चढण घाटाच्या वळणांतच आहे. अवजड वाहनांना तेथे बंदी झाली ती २०२३ मध्ये, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. आम्ही गेलो तेव्हा मालमोटारींची रांग पायथ्यापासून माथ्यापर्यंत लागलेली असे.

माझी चूक मी आधीच सांगतो. गिअर हलका करायचा तो चढ अंगावर येण्यापूर्वी, आणि मी तो ऐन चढात, पायांचा सगळा जोर पायडलवर असताना बदलला. चेन पुढच्या लहान चक्रावर न बसता आतल्या बाजूला पडली आणि चक्र व चौकट यांच्यामध्ये अशी अडकली की बोटांनी निघेना. स्पोकच्या पान्याने ती सोडवीपर्यंत दहा मिनिटे गेली, हात कोपरापर्यंत काळे झाले आणि तापलेल्या पोटऱ्या थंड पडल्या. त्या चढावर, मागे मालमोटार गुरगुरत असताना, उभ्या सायकलवर पुन्हा बसून सुरुवात करणे मला जमले नाही. दोनदा प्रयत्न केला, दुसऱ्या वेळी उजव्या पोटरीत गोळा आला, आणि मी सायकल हाताशी धरून चालू लागलो. असा मी सुमारे तीन किलोमीटर चाललो.

पुढच्या एका वळणावर ऊसतोड कामगारांचा ट्रॅक्टर उभा होता. रेडिएटर तापले होते, मागच्या ट्रॉलीच्या चाकाखाली दगड लावले होते आणि एक माणूस डबक्यातले पाणी डबड्याने आणून ओतत होता. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, भांडी, गोणपाटात गुंडाळलेले कोयते, सरपणाची मोळी आणि त्यावर बसलेली माणसे होती. एका मुलीच्या मांडीवर शाळेचे दप्तर होते. एका बाईने विचारले, “मोडली का सायकल, भाऊ?” मी म्हणालो, “नाही बाई, पायात गोळे आलेत.” त्यावर ती म्हणाली, “मंग टाका की वर. माथ्यापत्तर सोडतो.” मी नाही म्हणालो. लोकांनी माझ्या शब्दावर पैसे कबूल केले होते आणि तो शब्द स्वतःच्या पायांनी रस्ता पार करण्याचा होता, एवढेच माझ्या मनात होते. चढ सौम्य झाला तेथे मी पुन्हा सायकलवर बसलो, माथा ओलांडून तेलवाडीवरून कन्नडला पोहोचलो आणि संध्याकाळी सर्वांत शेवटी घरी आलो.

आता दुखण्याची गोष्ट. माझ्या थोरल्या बंधूंनी दर किलोमीटरला २० रुपये कबूल केले होते, म्हणजे ६,००० रुपये. मी घरी सगळी हकिगत खरी खरी सांगितली, आणि दादांनी ५,७६० रुपये मोजून दिले. घाटाचे बारा किलोमीटर त्यांनी वजा केले होते. चाललो तेवढे तीन नव्हे, अख्खा घाट. “सायकलीचे पैसे ठरले व्हते, पायी चालायचे न्हाई,” एवढेच ते म्हणाले. मी वाद घातला नाही, कारण वडिलांच्या मागे त्यांनीच मला शिकवले आहे आणि त्यांच्यासमोर माझा आवाज आजही चढत नाही. २४० रुपये मी स्वतःचे घातले आणि पूर्ण रक्कम वसतिगृहाला दिली. त्याच फेरीतल्या दोघांनी पायथ्यालाच सायकली सोबतच्या पिकअपमध्ये टाकल्या, माथ्यावर उतरवल्या आणि कन्नडमध्ये आमच्या आधी हार घालून घेतले. त्यांच्या देणगीदारांनी एक रुपयाही कापला नाही, कारण त्यांना ते कोणी सांगितलेच नाही. फसवणूक म्हणायची तर ती ही.

मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून हिशेबानेही सांगतो. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो धरले, तर ३०० मीटर वर नेण्यासाठी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे २ लाख ६५ हजार ज्यूल काम करावे लागते. आपण खोगिरावर बसून ते केले किंवा सायकल शेजारी धरून केले, तरी ते तेवढेच राहते. पिकअपमध्ये बसलेल्या माणसाच्या वाट्याचे हे काम डिझेलने केलेले असते. फरक करायचाच असेल तर तो येथे करावा.

सायकलींच्या इतिहासानेही हा प्रश्न फार पूर्वी निकालात काढला आहे. १९१० मध्ये फ्रान्सच्या टूर शर्यतीत पहिल्यांदा पिरेनीज पर्वतातील उंच घाट घेतले गेले. २,११५ मीटर उंचीच्या टूर्मले घाटात ओक्ताव्ह लापीझ सायकल ढकलत चालत गेला, आणि तो टप्पाही त्यानेच जिंकला, ती शर्यतही त्यानेच जिंकली. गुस्ताव्ह गारिगू हा तो घाट न उतरता चढला, तेव्हा त्याला त्याबद्दल वेगळे बक्षीस मिळाले. पण एकूण क्रमवारीत तो तिसरा आला. न उतरणाऱ्याला जादा द्यावे, उतरणाऱ्याचे कापू नये, हा न्याय मला पटतो. दादांनी मला न उतरल्याबद्दल वर शंभर रुपये देऊ केले असते आणि मग ते दिले नसते, तर माझी काहीच तक्रार नव्हती. आजही २०० किलोमीटरांच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत पार करण्याच्या सायकलफेरीला, साडेतेरा तासांची मर्यादा असते. त्या वेळेत आपण स्वतःच्या बळावर पोहोचलात की झाले, वाटेत किती पावले चाललात हे कोणी मोजत नाही. आपल्याकडे तर दिवे घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, आणि म्हणून पालखी पंढरपूरला पोहोचली नाही, असे कोणी म्हणत नाही.

तयारीविषयी थोडक्यात लिहितो. मागचे सर्वांत मोठे चक्र ३२ किंवा ३४ दात्यांचे असू द्या. दुकानदार काहीही म्हणाला तरी २५ दात्यांवर सामान घेऊन घाट चढण्याच्या फंदात पडू नका. गिअर चढाच्या आधी बदला, आणि बदलताना पायडलवरचा जोर क्षणभर कमी करा. पहिल्या दोन किलोमीटरांत आपल्याला फारच हळू जात आहोत असे वाटले पाहिजे, इतक्या हळू चढा. सरावासाठी दूर जाण्याची गरज नाही: संभाजीनगरकरांना दौलताबादहून खुलताबादकडचा चढ आहे, बीडकरांना मांजरसुंब्याचा घाट आहे, आणि सोलापूरकडून येणाऱ्यांना तुळजापूरचा. आठवड्यातून दोनदा तोच चढ करा. पाण्यात मीठ, साखर आणि लिंबू घाला. नुसत्या पाण्याने पोटऱ्यांतले गोळे टळत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

दोन गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. चाळिशी ओलांडली असेल तर फेरीपूर्वी हृदयाची तपासणी करून घ्या, आणि छातीत दडपण आले तर शब्द, निधी, देणगीदार सगळे बाजूला ठेवून सरळ गाडीत बसा. मात्र तसे बसलात हे नंतर सांगा. दुसरे असे की, चालताना आंधळ्या वळणावर दरीच्या कठड्याला चिकटून थांबू नका, आणि उतारावर ब्रेक सलग दाबून न धरता थोडे दाबा, थोडे सोडा, म्हणजे रिम तापणार नाही.

पैशांचा वाद मात्र निघण्यापूर्वीच मिटवून टाका. मी आता देणगीदारांना देण्याच्या कागदावर एक वाक्य लिहितो: “हे अंतर मी सायकलवर बसून किंवा सायकल हाताशी धरून, पण कोणत्याही वाहनात न बसता पार करीन.” त्याखाली त्यांची सही घेतो. दादांनी त्यावर अजून सही केलेली नाही. किलोमीटरचा हिशेब सोडून ते आता दिवाळीनंतर ५,००० रुपयांचे पाकीट परस्पर वसतिगृहात नेऊन देतात, आणि त्या २४० रुपयांबद्दल आम्ही दोघेही बोललेलो नाही.