वाचकांचे प्रश्न : न वापरलेल्या चित्रीकरणातील दिग्दर्शक

प्रश्न : जुन्या चित्रपटांचे न वापरलेले टेक पाहून दिग्दर्शक नटांकडून काम कसे करून घेत असे, हे खरोखर कळते का?

उत्तर : कळते, मात्र कॅमेरा केव्हा बंद होत असे यावर ते बरेच अवलंबून असते. चार्ल्स लॉटन यांनी ‘द नाइट ऑफ द हंटर’ (१९५५) चित्रित करताना दोन टेकच्या मध्येही कॅमेरा अनेकदा चालू ठेवला, त्यामुळे त्यांचा आवाज फिल्मवर राहिला आणि ते चित्रीकरण पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संग्रहात जतन झाले. स्वतः कसलेले नट असलेले लॉटन पडद्याबाहेरून समोरच्या पात्राची वाक्ये म्हणतात, एकच ओळ पुन्हा म्हणायला लावतात आणि लय बिघडली की तिथल्या तिथे सुधारतात. त्यांना मुले आवडत नसल्याने बालनटांकडे त्यांनी लक्षच दिले नाही, ही वदंता दीर्घकाळ पसरली होती. मुलांना धीराने सूचना देणारे लॉटन येथे ऐकू येतात, आणि माझ्या मते या साठ्याचे सर्वांत मोठे मोल हेच आहे.

चॅप्लिन यांच्या मूकपटांत आवाज नाही, तरी १९१६-१७ मधील लघुपटांचे उरलेले टेक क्रमाने पाहिले की ते तालीमच कॅमेऱ्यासमोर घेत आणि कथाही तेथेच घडवत, हे दिसते. अंतिम चित्रपटात सहज वाटणारी हालचाल अशा कितीतरी फसलेल्या प्रयत्नांतून आलेली असते.