रात्री रेल्वे जवळ का वाटते?

प्रश्न: नोकरीनिमित्त मुंबईहून यावल तालुक्यात आलो. हिवाळ्यात रात्री भुसावळकडची रेल्वे शिवारातूनच गेल्यासारखी ऐकू येते, दिवसा मागमूस नसतो. अंधारात केळीच्या बागेकडची वाटही दिसत नाही. असं का?

उत्तर: कान ठणठणीत आहेत. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, त्यामुळे वर जाणारा आवाज खाली वळून लांबवर पोचतो. दिवसा उलट, त्यात गोंगाट. दिशा मेंदू दोन्ही कानांतल्या वेळेच्या फरकावरून ठरवतो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा. समोर की मागे, इथे मात्र तो हमखास फसतो. थांबून मान फिरवा, उलगडा होईल.

डोळ्यांना तर आपण वेळच देत नाही. अंधाराला पुरतं सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोबाईलकडे एकदा बघितलं की बरीचशी कमाई जाते. पुसट वस्तूकडे थेट न बघता किंचित बाजूला बघा; मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूवर नसतातच. बांधावर पाय टाकताना मात्र बॅटरी हवीच. पाल्यात साप असू शकतो.