सल्ला द्या, पण हिशोब मागू नका

या वेळी आलेल्या पत्रांतली तीन पत्रं एकाच दुखण्याबद्दल, दारू सोडणाऱ्याला दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांबद्दल, आहेत म्हणून एकत्र घेतेय. नावं-गावं काढलीयेत, पत्रं थोडी छोटी केलीयेत.

प्रश्न: मॅडम, मी अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा (एए, दारू सोडणाऱ्यांची एकमेकांना मदत करणारी संघटना) मेंबर आहे, बरीच वर्षं सोबर आहे, म्हणजे दारू बंद आहे. ग्रुपमधे तिशीतला एक मुलगा आला, त्यानेच मला स्पॉन्सर (नवीन माणसाला सांभाळणारा जुना मेंबर) व्हा म्हणून विचारलं. मी त्याला सगळं नीट सांगितलं, पहिले तीन महिने रोज मीटिंगला ये, पिणाऱ्या मित्रांचे व्हॉट्सॲप ग्रुप सोड, पगार बायकोच्या खात्यावर टाक, आणि मावसभावाच्या हळदीला अजिबात जाऊ नकोस. प्रत्येक गोष्टीला हो काका, हो काका. केलं काहीच नाही. हळदीला गेला आणि प्यायला. आता फोन उचलत नाही. माझं एक तरी ऐकायला पाहिजे होतं ना? मी माझ्या वेळेतून वेळ काढतो. सोडून द्यावं का त्याला?

उत्तर: दादा, राग येणारच. रात्री-अपरात्री दुसऱ्याचा फोन उचलणारा माणूस चिडतो तेव्हा त्यात काळजीच जास्त असते, हे मी जाणते. पण 'माझं एक तरी ऐकायला पाहिजे होतं' हे तुमचं वाक्य मला टोचलं, कारण तिथे सल्ल्याची उधारी झाली, तुम्ही दिला आणि आता वसुलीला निघालात आणि उधारी थकलेला माणूस काय करतो, तोंड चुकवतो, फोन उचलत नाही.

तुमच्याच फेलोशिपची, एए ची, सुरुवात बघा ना. तिचे एक संस्थापक बिल विल्सन यांची दारू डिसेंबर १९३४ मधे न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात सुटली, आणि मग पुढचे पाच-सहा महिने ते भेटेल त्या पिणाऱ्याच्या मागे लागले, घरी आणून ठेवलं, जीव तोडून सांगितलं, एकाचीही सुटली नाही. वैतागून बायकोकडे, लोइसकडे तक्रार केली तेव्हा ती म्हणाली, पण तुमची स्वतःची सुटलेली राहिलीये ना. त्यांचे डॉक्टर सिल्कवर्थ यांनीही समजावलं की उपदेश कमी करा, हा आजार आहे ते सांगा. त्यानंतर मे १९३५ मधे ॲक्रन गावात ते डॉ. बॉब यांना, म्हणजे एए च्या दुसऱ्या संस्थापकांना, भेटले ते त्यांना सुधारायला नव्हे, तर परगावी एकटं असताना स्वतःला प्यावंसं वाटायला लागलं आणि कुणा दुसऱ्या पिणाऱ्याशी बोललं तरच आपण वाचू असं वाटलं म्हणून. तासन्‌तास स्वतःचीच गोष्ट सांगत बसले. डॉ. बॉबनी दारू थांबवली, आणि थोड्याच दिवसांत डॉक्टरांच्या एका अधिवेशनाला अटलांटिक सिटीला गेले आणि भरपूर पिऊन परत आले! म्हणजे बिलसारखा माणूस घरात राहायला असूनसुद्धा. बिलनी त्यांना सोडलं नाही, बॉबच्या पत्नी ॲन आणि ते दोघं त्यांच्या उशाशी बसून राहिले. डॉ. बॉबची शेवटची दारू १० जून १९३५ ची आणि तोच दिवस तुम्ही लोक एए चा स्थापना दिवस म्हणून साजरा करता. पहिलाच माणूस स्लिप होऊन, म्हणजे सोडल्यावर पुन्हा पिऊन, परत आलेला आहे दादा, तुमचा मुलगा काही वेगळं करत नाहीये.

आता त्याच्या 'हो काका' बद्दल. आपल्याकडे वडिलधाऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची पद्धतच नाही. तुम्ही एका दमात चार मोठ्या गोष्टी सांगितल्यात, त्यातल्या पगाराच्या गोष्टीवरून त्याच्या घरात काय रामायण होईल ते तुम्हाला माहीत नाही, मावसभावाच्या हळदीला नाही गेलं तर आई काय म्हणेल ते माहीत नाही, आणि त्याला 'काका हे नाही जमणार' म्हणायला जागाच नव्हती, म्हणून तो हो म्हणाला. तो 'हो' तुमच्या वयाला होता. पुढच्या वेळी सल्ला द्यायच्या आधी विचारा, 'या बाबतीत माझं काय झालं ते सांगू का?' तो सांगा म्हणाला तर सांगा आणि सांगून झाल्यावर विचारा, 'यातलं तुला काय जमण्यासारखं नाही?' आधी न जमणारं विचारायचं, कारण खरी माहिती तिथून येते. कदाचित तो म्हणाला असता की हळद घरचीच आहे, जावंच लागेल, मग तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं असतं की बाबा पंगत संपली की निघायचं, गच्चीवर जिथे बाटल्या असतात तिकडे जायचं नाही, बायकोला सोबत ठेवायचं, स्वतःची गाडी न्यायची म्हणजे कुणाची वाट बघत बसायला नको.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मधे व्यसनी लोकांशी बोलायच्या एका वेगळ्या पद्धतीबद्दल लिहिलं, आज जगभर समुपदेशकांना ती शिकवतात. त्यांचं मुख्य निरीक्षण असं की व्यसनातल्या माणसाच्या मनात सोडावी आणि प्यावी या दोन्ही बाजू एकाच वेळी असतात, आणि समोरच्याने 'सोड' ची बाजू सगळी स्वतःकडे घेतली की याच्याकडे बोलायला 'पिण्याची' बाजूच उरते, आणि माणूस जे स्वतःच्या तोंडाने बोलतो त्याच्यावर त्याचाच विश्वास बसत जातो. मीही हे रोज बघते. बायको म्हणते तुम्हाला काहीच कळत नाही, की नवरा लगेच म्हणतो मी काय रोज पितो का, ऑफिसला तर जातोच ना! तेच नुसतं विचारलं की सकाळी उठल्यावर कसं वाटतं, की स्वतःच सांगायला लागतो, हात थरथरतात, पोरगी जवळ येत नाही.

सोडून द्यावं का, तर आत्ता नको. पण रोज फोन करणंही नको. एकच मेसेज टाका, असा काहीतरी: 'हळदीचं काही विचारणार नाही. गुरुवारच्या मीटिंगला मी आहे, नंतर चहा घेऊ. यावंसं वाटलं तर ये.' आणि मग निळ्या टिका बघत बसू नका. गुरुवारी मीटिंगला जा, कारण ती मीटिंग तुमची पण आहे. तो आला नाही तर पुढच्या गुरुवारीही जा. आणि हा राग त्याच्यावर काढण्याऐवजी तुमच्या स्पॉन्सरकडे बोला, तुम्हीच नवीन लोकांना शिकवता ना की भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार धोक्याच्या वेळा, त्यातली एक सध्या तुमच्यावर आहे, आणि मला त्या मुलाइतकीच तुमच्या सोबर राहण्याचीही काळजी आहे. तुम्हाला झेपत नसेल तर त्याला सरळ सांगता येतं की दुसरा स्पॉन्सर बघ, मी मित्र म्हणून आहे. ते त्याला शिक्षा म्हणून मात्र सांगू नका.

प्रश्न: ताई, माझा मुलगा दोन महिन्यांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रातून आला. मी त्याला दिवसभर सांगत असते, गोळ्या वेळेवर घे, व्यायाम कर, नोकरी बघ, त्या कट्ट्यावर बसू नकोस. दार उघडताना मी तोंडाचा वास घेते, खिसे बघते. तो म्हणतो आई तू गप्प बस. शेजारच्या बाईंनी एक पावडर सांगितलीये, वास-चव काही नाही, वरणात मिसळून द्यायची म्हणजे दारूचा तिटकारा बसतो. देऊ का?

उत्तर: ताई, पावडर देऊ नका. आधी हे वाचा, बाकीचं नंतर.

अशा नावाशिवायच्या पावडरीत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. आणि त्यात डायसल्फिराम असेल तर धोका फार मोठा आहे. हे खरं औषध आहे, डॉक्टर देतात, पण पेशंटला सगळं समजावून, त्याची संमती घेऊन, लिव्हर-हार्ट तपासून, आणि निदान बारा तास पोटात दारू नसताना सुरू करतात. ते घेतलेलं असताना दारू गेली की शरीरात ॲसिटाल्डिहाइड साचतं, चेहरा लालबुंद होतो, उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली, आणि हार्टचा त्रास असलेल्याचा जीवही जाऊ शकतो. शेवटच्या डोसनंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. तुमच्या मुलाला माहीतच नसेल की आपल्या वरणात हे आहे, तर तो सावध कसा राहील? आणि त्याला कळलं की आईने जेवणात काहीतरी घातलं, तर त्यानंतर तो तुमच्या हातचं जेवणसुद्धा संशयाने जेवेल. ते औषध त्याला चालेल का, क्रेव्हिंग (पिण्याची ओढ) कमी करणारं नाल्ट्रेक्सोनसारखं दुसरं काही चालेल का, हे त्याला घेऊन मानसोपचारतज्ज्ञांना विचारा.

आता दाराचं. तो बाहेरून येतो, तुम्ही दार उघडता आणि नाक पुढे करता, तो चपला काढायच्या आधीच मान फिरवतो. प्यायलेला नसतानाही रोज दारातच चोर ठरतो तो. मला माहितीये तुम्ही किती रात्री जागून काढल्यात आणि ती भीती केंद्रातून आल्यावर एका दिवसात जात नाही. तरी आठवडाभर दार उघडून फक्त 'आलास? हातपाय धू, वाढते' एवढंच म्हणून बघा. प्यायला असेल तर ते तुम्हाला वास न घेताही कळणारच आहे, इतक्या वर्षांत तुम्हाला पायांच्या आवाजावरून कळतं.

दिवसभर सांगता त्या गोष्टी चांगल्या आहेत, चूक एकही नाही, पण केंद्रातून येताना त्या सगळ्या त्याला पाठ झालेल्या असतात. त्यातली तुम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक निवडा, शांतपणे एकदा सांगा, 'मला वाटतं तू फॉलोअप चुकवू नयेस, तुझं तू ठरव' आणि खरंच त्याला ठरवू द्या. त्याने नाही ऐकलं तर संध्याकाळी तोंड पाडून बसायचं नाही. हे अवघड आहे, जिवावर येतं, कारण आईला वाटतं मी बोलायची थांबले की तो घसरणार. पण ताई, तुम्ही बोलत होता तेव्हाही तो पीत होताच ना.

सल्ला आणि घराचा नियम यात गल्लत करू नका. 'तू कट्ट्यावर जाऊ नकोस' हा सल्ला, तो पाळेल किंवा नाही. 'घरात बाटली आणायची नाही, उधारी मी फेडणार नाही, पिऊन आलास तर त्या रात्री मी तुझ्याशी वाद घालणार नाही, सकाळी बोलू' हे तुमचे निर्णय आहेत, ते पाळणं तुमच्या हातात आहे आणि ते तुम्ही पाळायचेच, नाहीतर तुमच्या शब्दाला काही अर्थ राहणार नाही.

आणि काही गोष्टींत 'त्याचं तो ठरवेल' अजिबात चालत नाही. परत रोज प्यायला लागला आणि मग अचानक बंद केली, तर सहा ते चोवीस तासांत थरथर-घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भास, बरळणं, माणसं न ओळखणं. हे घरी बघत बसायचं नाही, १०८ ला फोन करून हॉस्पिटल गाठायचं. मरणाची भाषा केली तर ती खरीच धरायची, त्याला एकटं सोडायचं नाही, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करायचा. व्यसनासाठी सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे, फोन घरच्यांनीही करायचा असतो.

तुमच्यासाठीही सांगते. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे ग्रुप आहेत, १९५१ मधे त्याच लोइस विल्सन यांनी एका मैत्रिणीबरोबर सुरू केलेले. तिथे तीन गोष्टी कायम सांगतात: हे मी ओढवलं नाही, हे माझ्या ताब्यात नाही, हे मी बरं करू शकत नाही. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं, तिथेही घरच्या माणसांशी वेगळं काम होतं. तुमच्या मुलाच्या केंद्राला विचारा, घरच्यांची मीटिंग कधी असते. एकदा जाऊन बसा, बोलायची सक्ती नसते.

प्रश्न: मी सहा महिने प्यायलो नाहीये. मामा, मेहुणा, ऑफिसमधले, सगळे सल्ले देतात. एक म्हणतो योगा कर, दुसरा म्हणतो गोळ्या बंद कर सवय लागेल, तिसरा म्हणतो बिअर चालते. पुढे गटारी येतेय. ऐकायचं तरी कुणाचं?

उत्तर: सहा महिने! मनापासून अभिनंदन.

सगळ्यांचं ऐकणं बंधनकारक नाही. 'ऐकलं, बघतो' एवढं उत्तर पुरे, कारणं देत बसू नकोस, कारण दिलं की वाद सुरू होतो. गोळ्यांचं मात्र फक्त डॉक्टरांशी बोल, मनाने बंद करू नकोस. बिअर चालते म्हणणारा कितीही जवळचा असला तरी बिअर ही दारूच आहे आणि तुझ्यासाठी पहिला घोटच वाईट. एक माणूस निवड, ज्याला स्लिप झाली तरी लाज न वाटता फोन करता येईल, तो स्पॉन्सर असेल, केंद्रातला समुपदेशक असेल, आणि महत्त्वाचं असेल ते त्याच्याशीच बोल.

सल्ले देणाऱ्यांपैकी मामांना खरंच काळजी असेल असं वाटतं. त्यांना सांग, मामा, गटारीच्या संध्याकाळी सात ते अकरा माझ्याबरोबर थांबा, आपण मटण घरीच करू.