'टेबल' केलं म्हणजे मांडलं की गुंडाळलं?

प्रश्न असा: दराची बोलणी चालू असताना अमेरिकन ग्राहकाने लिहिलं, 'लेट्स टेबल द पेमेंट टर्म्स फॉर नाउ अँड स्प्लिट द डिफरन्स ऑन प्राइस.' याचा नेमका अर्थ काय आणि उत्तर काय द्यावं?

आधी 'टेबल'. ब्रिटिश इंग्रजीत एखादी गोष्ट 'टेबल' करणं म्हणजे ती चर्चेला मांडणं. अमेरिकेत बरोबर उलट: विषय तूर्त बाजूला ठेवणं. आपला कान ब्रिटिश वळणाचा. विधिमंडळात कागदपत्रं 'पटलावर ठेवतात', तीही त्याच वळणाने. त्यामुळे आपली गल्लत हमखास होते. ती थोरामोठ्यांचीही झाली आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने 'टेबल' करायचं होतं, अमेरिकनांना वाटलं ते बासनात बांधायचं आहे. दोघांनाही चर्चाच हवी होती, तरी बराच वेळ कडाक्याचा वाद झाला, असं चर्चिल यांनी लिहून ठेवलं आहे.

घोळ फक्त क्रियापदाचा आहे. 'द ऑफर इज ऑन द टेबल' म्हणजे प्रस्ताव अजून कायम आहे आणि 'ऑफ द टेबल' म्हणजे तो विषय संपला, हे दोन्हीकडे सारखंच. स्वतः लिहिताना 'टेबल' हे क्रियापद टाळा. 'डिस्कस टुडे' किंवा 'पोस्टपोन' लिहा.

'स्प्लिट द डिफरन्स' म्हणजे आपलं बाजारातलं 'ना तुमचं ना माझं'. तुम्ही नगाला ५०० रुपये सांगितलेत, त्याने ४०० म्हटलं, तर ४५०. पण त्याने सुरुवातच ३६० पासून केली असती तर मध्य ४३० वर आला असता. म्हणजे जो टोकाचा आकडा टाकतो, मध्य त्याच्याकडे सरकतो. होकार देण्याआधी आपला उत्पादनखर्च पाहा. 'मीट हाफवे' मात्र सैल आहे: दोघांनी थोडं थोडं सोडायचं, अगदी निम्म्यावर यायचं बंधन नाही.

या वाक्यातली खरी मेख दोन्ही वाक्प्रचार एकत्र येण्यात आहे. दर आज ठरवायचा आणि पैसे कधी मिळणार ते नंतर! उद्या त्याने ९० दिवसांची उधारी मागितली, तर वर्षाला १२ टक्के व्याजाने ४५० रुपयांवर सुमारे १३ रुपये तुमच्या खिशातून जातील. म्हणून दोन्ही मुद्दे बांधूनच उत्तर द्या: 'वुई कॅन अ‍ॅग्री टू ४५०, प्रोव्हायडेड पेमेंट इज मेड विदिन थर्टी डेज.' यात 'प्रोव्हायडेड' गाळू नका, अट त्याच शब्दावर उभी आहे.

आणि या उत्तरात 'दिस इज अवर बॉटम लाइन' जोडायचा मोह होईल. हिशेबात ती नफा-तोटा पत्रकातली शेवटची, निव्वळ नफ्याची ओळ, बोलण्यांत मात्र 'याखाली एक पैसा नाही'. खरोखर उतरायचं नसेल तरच लिहा. ते लिहून पुढच्या ईमेलमध्ये ४४० वर आलात, तर तुमचा कुठलाच आकडा तो शेवटचा मानणार नाही.