तेलाचं गाव दोन वर्षांत कसं ओस पडलं?

प्रश्न : सोन्याच्या खाणींपायी वसलेली आणि मग ओसाड झालेली गावं ऐकून माहीत आहेत. तेलापायी असं झालेलं गाव आहे का? तेल संपलं म्हणून गाव संपलं, इतकं सरळ असतं का?
– एक वाचक, उरण

उत्तर : आहे. अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातलं पिटहोल. माझी सारी नोकरी तेलविहिरींवर गेली. निवृत्त झाल्यावर लेकीकडे पिट्सबर्गला गेलो, तेव्हा हट्टाने तिला घेऊन तिथे गेलो. उतारावर नुसतं गवत. जिथे रस्ते होते तिथलं गवत कापून ठेवतात, म्हणून गावाची आखणी कळते. बाकी तळघरांचे खड्डे.

जानेवारी १८६५ मध्ये इथे होमडेन यांच्या शेतात तेल लागलं. मे महिन्यात शेताचे ५०० भूखंड पाडले आणि सप्टेंबरात वस्ती १५ हजारांच्या घरात! यादवी युद्ध नुकतंच संपलेलं, हातात पगार असलेले सैनिक थेट इकडे आले. पन्नासहून जास्त हॉटेलं, नाट्यगृह, स्वतःचं दैनिक. सगळं घाईत उभारलेलं, लाकडी.

आता तुमचा खरा प्रश्न. तेल आपोआप उसळतं ते खालच्या वायूच्या दाबामुळे. आम्ही चोक, म्हणजे विहिरीच्या तोंडाशी प्रवाह आवळणारं साधन, लावून विहीर मुद्दाम कमी वाहू द्यायचो, दाब टिकावा म्हणून. पिटहोलला तसं करणं कुणाला परवडत नव्हतं. जो उपसेल त्याचं तेल, हा तिथला कायदा; तुम्ही थांबलात तर शेजारी ओढून नेणार. म्हणून खेटून खेटून विहिरी पाडल्या, दाब गेला, आणि वाहत्या विहिरी एकामागून एक थंडावल्या. जमिनीखालचं सगळं तेल संपायच्या आधीच हे झालं. याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरा घाव गाडीवानांवर बसला. तेलाची पिंपं घोडागाडीतून चिखल तुडवत रेल्वेपर्यंत न्यायची, त्यावर शेकडो जणांचं पोट होतं. भाडं मात्र पिंपामागे दोन-तीन डॉलरपर्यंत चढलेलं. ऑक्टोबर १८६५ मध्ये सॅम्युएल व्हॅन सायकल यांनी दोन इंची नळ टाकून सुमारे पाच मैलांवरच्या स्टेशनापर्यंत तेल पोचवलं. गाडीवानांनी नळ फोडले, तेव्हा बंदूकधारी पहारा बसवावा लागला. नळ हे मोठंच काम होतं, मीही आयुष्यभर त्याच वाटेवरचा. पण माझ्या मनात ते गाडीवानच राहिलेत. काम गेलं तसे ते गेले, आणि त्यांच्यावर चालणाऱ्या खाणावळी, तबेलेही.

पुढचं भराभर झालं. १८६६ मध्ये बँक बुडाली, आगी लागल्या. लोकांनी घरं उकलून लाकूड दुसऱ्या तेलगावांत नेलं. १८७० च्या जनगणनेत २३७ माणसं उरली. १८७७ मध्ये गावाचा दर्जा गेला, आणि पुढे कौंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, सगळी जागा ४ डॉलर ३७ सेंटला घेतली.

तिथल्या छोट्या संग्रहालयात भरल्या गावाची प्रतिकृती आहे. आधी ती पाहा, मग उतारावर जा. लेकीने मला तसंच करायला लावलं. खाली गेल्यावर आम्ही दोघं मग कुठल्या खड्ड्यावर कुठलं हॉटेल असेल, हेच शोधत फिरलो.