वाचक विचारतात : नारळ तीस मीटर कसा भरला?

प्रश्न : कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवून आणि मध्यातून नट बांधलेला दोरा लोंबता सोडून आम्ही उंची मोजायचं साधन केलं. शाळेमागच्या नारळापासून २० मीटरवरून शेंडा पाहिला, दोरा ५५ अंशांवर आला. टॅन ५५ (त्या कोनाला उंची भागिले अंतर) म्हणजे १.४२८; त्याला २० ने गुणून डोळ्याची उंची १.४ मीटर मिळवली, तर उत्तर ३० मीटर आलं. शेजारची शाळा ७ मीटर उंच आहे आणि नारळ तिच्या फार तर दुप्पट दिसतो. कुठे चुकलं?
— नववीचा विद्यार्थी, देवगड

उत्तर : शाळेशी ताडून पाहिलंस हे छान केलंस. गुणाकार बरोबर आहे, कोन चुकला. स्ट्रॉ आडवी धरलीस की दोरा ९० वर लोंबतो, शून्यावर नाही. म्हणजे तू वाचलेले ५५ अंश हा स्ट्रॉ आणि दोरा यांच्यातला कोन. उन्नत कोन, म्हणजे नजर आडव्या रेषेपासून जितकी वर जाते तो, ९० वजा ५५, म्हणजे ३५ अंश. टॅन ३५ आहे ०.७००, वीस पट केली की १४, अधिक १.४, एकूण १५.४ मीटर. कोनमापकावर आकड्यांच्या दोन उलटसुलट ओळी असतात, त्यामुळे कुणी ५५ वाचतो तर कुणी १२५. दोन्ही चालतात, ९० पासूनचा फरक तेवढा घ्यायचा.

मोबाइलचा कॅल्क्युलेटर वापरत असाल तर आधी टॅन ४५ काढून बघा. उत्तर १ आलं नाही, तर तो अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात आहे. तसं असेल तर टॅन ३५ चं उत्तर ०.४७ येतं आणि नारळ एकदम बुटका होतो.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी सहा गटांनी अशी साधनं केली. ठाऊक उंचीच्या पाण्याच्या टाकीवर तपासली, तर चार गटांची उत्तरं दोन-तीन मीटर जास्त. नव्वदातून वजा करायला कुणी विसरलेलं नाही. साधनातच दोष असेल का?
— शिक्षिका, वाई

उत्तर : बहुधा दोऱ्याचं भोक चुकीच्या जागी आहे. कंपासपेटीतल्या प्लॅस्टिकच्या कोनमापकाची आधाररेषा त्याच्या सरळ कडेवर नसते, कडेपासून काही मिलिमीटर आत असते. मुलं मात्र दोरा कडेलाच चिकटपट्टीने लावतात. कोनमापकाची त्रिज्या ५ सेंमी आणि दोरा केंद्रापासून ५ मिमी बाहेर असेल, तर ४५ अंशांचा उन्नत कोन सुमारे ४९ भरतो. वीस मीटरवरून बघणाऱ्याची तीन मीटर उंची तिथेच वाढते. गंमत म्हणजे स्ट्रॉ आडवी धरली की हाच दोरा बरोबर ९० दाखवतो, त्यामुळे चोरी सापडत नाही.

म्हणून तपासणी दोनदा करा. पहिली आडवी : गवंड्यांची पाणी भरलेली लेव्हलची नळी घेऊन समोरासमोरच्या भिंतींवर एकाच पातळीत दोन खुणा करा. एका खुणेशी डोळा लावून दुसरी पाहा, ९० यायला हवेत. ८८ आले तर स्ट्रॉ तिरकी चिकटली आहे. दुसरी ४५ ची : डोळा भिंतीपासून नेमका १.५ मीटरवर आणि खूण डोळ्याच्या पातळीपेक्षा १.५ मीटर वर. इथे कडेला लावलेला दोरा लगेच पकडला जातो.

भोक आधाररेषेच्या मध्यखुणेवरच हवं; चिमट्यात धरलेल्या तापल्या सुईने ते नीट पडतं, पण हे काम मोठ्यांनी करावं. दोरा बारीक आणि न पिळणारा घ्या, खाली १२ मिमी बोल्टचा नट. हलक्या मण्याने दोरा ताठ होत नाही, प्लॅस्टिकला चिकटून बसतो. स्ट्रॉही दगा देते : ६ मिमी रुंद, २० सेंमी लांब नळीतून डोळा इकडेतिकडे सरकला की पावणेदोन अंशांपर्यंत फरक पडतो. डोळ्याकडच्या तोंडावर टाचणीने भोक पाडलेला कागद आणि पुढच्या तोंडावर दोन दोऱ्यांची फुली लावा. एकाने फुलीवर शेंडा धरायचा, दुसऱ्याने दोरा वाचायचा. एकट्याने दोन्ही करायला गेलं की मान वळते आणि नळीही वळते. पाच वाचनं घेऊन मधलं धरा.

प्रश्न : देवळाचा कळस मोजताना अंतर भिंतीपर्यंत घ्यायचं का?
— वाचक, पंढरपूर

उत्तर : नाही. अंतर कळसाच्या बरोबर खालच्या बिंदूपर्यंत लागतं, आणि तो असतो गाभाऱ्यात. भिंत १८ मीटरवर आणि तिथून मध्य आणखी ४ मीटर आत असेल, तर ४० अंशांच्या कोनाला १८ धरून १५.१ मीटर येतात, २२ धरून १८.५ (डोळ्याची उंची वेगळी). बाहेरून देवळाची रुंदी मोजून तिचं निम्मं मिळवा. दीपमाळेला हा त्रास कमी, पायथ्याचा निम्मा व्यास मिळवला की झालं.

मध्य सापडतच नसेल तर कळसाच्या दिशेने एकाच सरळ, सपाट रेषेत दोन जागांवरून कोन घेता येतात. लांबून ३०, दहा मीटर पुढे येऊन ४५ अंश आले, तर डोळ्यावरची उंची १३.७ मीटर. पण लांबचा कोन ३० ऐवजी ३१ वाचलात की तीच १५.१ होते. नाइलाज असेल तेव्हाच ही रीत वापरा.

प्रश्न : आंब्याची उंची जवळून १५ मीटर, लांबून १३.४ भरते. खरी कोणती?
— वाचक, सावंतवाडी

उत्तर : लांबची. पसरट झाडाजवळ उभं राहिलं की शेंडा दिसतच नाही, तुमच्याकडे झुकलेल्या फांदीचं टोक दिसतं. समजा शेंडा डोळ्यापेक्षा १२ मीटर वर आहे, आणि ५ मीटर पुढे आलेली फांदी ९ मीटर वर. खोडापासून १५ मीटरवर फांदीचा टॅन ९ भागिले १०, म्हणजे ०.९, शेंड्याचा ०.८. फांदी शेंड्याला झाकते आणि हिशेब १२ ऐवजी १३.५ दाखवतो. तीस मीटरवर गेलात की फांदी ०.३६, शेंडा ०.४ : आता शेंडा वर निघतो. एरवी ४५ अंशांच्या आसपास उभं राहणं सगळ्यात बरं. वीस मीटर उंचीला तिथे एका अंशाची चूक ७० सेंमी पडते, ७५ अंशांवर तीच १.४ मीटर. आंबा, वड, पिंपळ यांना मात्र मागे सरका.