सणाच्या ताटात नवीन काय?

प्रश्न: ताई, आमच्याकडे सणाला वर्षानुवर्षं तेच पदार्थ असतात, यंदा काहीतरी वेगळं करावंसं वाटतंय पण घरचे नाराज होतील अशी भीती वाटते. काय करू?

उत्तर: अगं कर की! फक्त जुनं काही काढू नकोस, त्या चवीत सगळ्यांच्या आठवणी असतात, त्याच्या शेजारी एकच नवीन पदार्थ ठेव. सणाचं जेवण बहुतेक गोड, तुपकट आणि मऊ असतं ना, म्हणून मला विचारशील तर त्यात आंबट आणि कुरकुरीत काहीतरी हवंच, म्हणजे बीट-संत्र्याचं गार सॅलड आणि वर भाजलेले अक्रोड, किंवा काकडीच्या चकत्या व्हिनेगर, मीठ, साखरेत अर्धा तास मुरवायच्या की झालं, आंबटपणाने तोंडाला पाणी सुटतं आणि पुढचा घास परत छान लागतो. शिवाय त्या दिवशी गॅस रिकामा नसतोच, तर न शिजवायचंच निवड. सॅलडला मीठ मात्र वाढतानाच घाल, नाहीतर पाणी सुटतं. कापलेली फळं २ तासांपेक्षा जास्त बाहेर नको. आणि आठवडाभर आधी एकदा करून घरच्या मोठ्यांना चाखायला दे, त्यांनी सुचवलेला बदल केलास तर तो पदार्थ त्यांचाही होतो.